चार वाजून एक मिनिटाला उगवलेला चंद्र

किशोरी परब हिला दोन वाढदिवस आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

तिचा जन्म वेंगुर्ल्याचा. मध्यरात्र उलटून वीस मिनिटं झाली असताना ती जगात आली, त्यामुळे दवाखान्याच्या कागदावर तीन मार्च ही तारीख पडली. तिचे वडील गुरुदास केळुसकर काजूच्या कारखान्यात हजेरी घेत. त्यांनी तो कागद वाचला आणि परत केला. सूर्य उगवेपर्यंत आदला दिवस संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि सूर्य काही दवाखान्याच्या घड्याळाला विचारून उगवत नाही. तेव्हा मुलगी दोन मार्चची. कागद बदलला नाही आणि गुरुदासही बदलले नाहीत. घरी दोन तारखेला ओवाळणी व्हायची आणि शाळेत तीन तारखेला गोळ्या वाटल्या जायच्या. मैत्रिणींना हेवा वाटे. पण किशोरीने सायकल मागितली की आई म्हणायची, "उद्या बघूया, उद्या पण तुझो वाढदिवस आसा." आणि दुसऱ्या दिवशी बाबा म्हणायचे, "वाढदिवस काल झालो."

अशी मुलगी पुढे तारखांच्याच धंद्यात पडली, यात नवल नाही. पुण्याच्या एका लहानशा कंपनीत ती वेबसाइटचे प्रोग्राम लिहू लागली. बाकीची मंडळी रंग, चित्रं आणि बटणं बघत. तारीख आणि वेळ आली की सगळे हात झटकून किशोरीकडे बोट दाखवत. कुणाच्या पानावर एकतीस फेब्रुवारीला माल पोचायचा. कुणाची परवा भरलेली पावती उद्याच्या तारखेने निघायची. एका डॉक्टरांच्या साइटवर तर रोग्याला भेटीची वेळ मिळायची ती त्याच्या जन्माच्या आधीची. किशोरी शांतपणे बसून हे सगळे गुंते सोडवी, आणि सोडवून झाले की सगळ्यांना तेच एक वाक्य ऐकवी: "वेळ लिहिताना ती कुठल्या गावची ते लिहा. नुसती वेळ म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट." हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकवलं, की ऑफिसात तिचं नाव तारीखवाली पडलं. तिला ते आवडत असे.

लग्न झालं ते दत्तप्रसाद परबशी. त्याची काजूच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि कलमांना पुण्याला नेता येत नाही, म्हणून किशोरीच गावी आली. गाव म्हणजे खोलवाडी. कट्टा या बाजारगावाहून रिक्षाने वीस मिनिटं. नावाप्रमाणे वाडी खोलात, चारी बाजूंना डोंगर, आणि मोबाईलची रेंज औषधालाही नाही.

ऑफिसचं काम घरून करायचं ठरलं होतं, पण घरात बसून ते होईना. मग किशोरी रोज लॅपटॉप, छत्री आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, जायची आणि एका काजूच्या झाडाखाली बसायची. तिथे रेंजच्या दोन काड्या येत. झाडावरून तांबड्या मुंग्याही येत. एकदा मीटिंग चालू असताना तिचा साहेब सिद्धेश म्हणाला, "मागे कोण एवढं ओरडतंय?"

"मोर आहे."

"त्याला म्यूट करता येईल का?"

किशोरीची सासू सुगंधाबाई रोज दुपारी भाकरी घेऊन सड्यावर चढायची. सून एका हाताने मुंग्या झाडते आहे, दुसऱ्या हाताने टाईप करते आहे आणि तोंडाने इंग्रजी बोलते आहे, हे तिने दोन महिने पाहिलं. तिसऱ्या महिन्यात तिने ओळखलं की ही पोर काही इथे टिकत नाही; ही जाणार पुण्याला आणि हिच्यामागे दत्तप्रसादही जाणार. त्याच संध्याकाळी ती वाडीच्या गणपतीसमोर उभी राहिली आणि तिने नवस बोलला. खोलवाडीत टॉवर येऊ दे, मी एकवीस संकष्ट्या करीन. एवढ्यावर थांबली असती तर ही हकीकत घडलीच नसती. पण बोलता बोलता तिला भर आला आणि ती पुढे म्हणाली, "आणि मधी एक जरी मोडली, तरी परत पहिल्यापासून करीन."

हे शेपूट देवाने मागितलं नव्हतं. पण बोललं ते बोललं, आणि ते रश्मीकाकीने ऐकलं. रश्मीकाकी म्हणजे शेजारीण. तिने ऐकलं म्हणजे वाडीत नोंद झाली.

आता सुगंधाबाईबद्दल एक सांगायला हवं. तिला उपास अजिबात झेपत नाही. ती मनाने देवभोळी आहे, पण पोटाने नाही. सकाळी आठला पेज, अकराला काहीतरी चघळायला, दीडला जेवण, चारला चहाबरोबर खाजा किंवा चिवडा, असा तिचा अडुसष्ट वर्षांचा क्रम. संकष्टीच्या दिवशी दुपारी तीननंतर ती कुणाशी बोलत नसे, आणि तेच सगळ्यांच्या हिताचं असे. असं असूनही तिने डिसेंबरात सुरुवात केली आणि एकामागून एक संकष्ट्या रेटल्या. तिसऱ्या महिन्यात सड्यावर टॉवर उभा राहिला. दत्तप्रसाद म्हणाला, "आये, कंपनी तो उभारणारच होती."

"मगे दोन वर्सां कित्याक नाय उभारल्यानी? माझी वाट बघी होती काय?"

सून घरात बसून काम करू लागली, तिच्या खुर्चीवर कोंबडी अंडी घालू लागली, आणि सुगंधाबाईचे उपास चालू राहिले.

संकष्टीचा उपास चंद्र उगवला की सुटतो. पण चंद्र कधी उगवला, यावरून खोलवाडीत दर महिन्याला वाद. भिंतीवरच्या कॅलेंडरात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात; त्यांत खोलवाडी नाही. सुगंधाबाईचं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणून ती रत्नागिरीची वेळ धरी. रश्मीकाकीचं माहेर बेळगावचं, ती बेळगावची धरी. चंद्र बेळगावला पाच मिनिटं आधी येतो. त्यामुळे दर संकष्टीला पाच मिनिटं रश्मीकाकी शेजारच्या ओटीवर मोदक खात असे आणि सुगंधाबाई ते बघत असे. पावसाळ्यात तर चंद्र दिसायचा प्रश्नच नाही. डोंगरावर ढग बसले की ते दसऱ्यापर्यंत उठत नाहीत.

हा वाद मिटवायला किशोरीने वाडीसाठी एक छोटंसं पान बनवलं. तिने खोलवाडीचे नेमके अक्षांश-रेखांश घेऊन वर्षभराच्या चंद्रोदयाच्या वेळा काढल्या. पानावर वेळ दाखवायची नाही, नाहीतर पुन्हा घासाघीस होणार. फक्त चंद्र उगवला की उपास करणाऱ्या अकरा घरांतले फोन एकदम शंख वाजवतील आणि त्यावर अक्षरं उमटतील, "चंद्र उगवला." शंखाचा आवाज बाबलीचा. बाबली रिक्षा चालवतो आणि देवळात आरतीला शंख फुंकतो. त्याचा दम मोठा आहे.

चार महिने शंख वेळेवर वाजला. एकदा ढग फाटले तेव्हा बायकांनी बाहेर येऊन ताळा पाहिला, तर चंद्र डोंगराच्या कडेवर बसलेला. त्या दिवसापासून रश्मीकाकीनेही बेळगाव सोडलं. सुगंधाबाई तर देवळात, दुकानात, एसटीच्या थांब्यावर, जिथे दोन माणसं भेटतील तिथे सांगू लागली, "माझ्या सुनेक चंद्र विचारून उगवता."

आता चूक कुठे झाली ते सांगते. जगातली मशीन एकमेकांशी बोलताना एक सामाईक घड्याळ धरतात. ते आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे चालतं. किशोरीने चंद्रोदयाच्या वेळा त्या जगाच्या घड्याळात लिहिल्या होत्या, आणि प्रोग्राम परदेशातल्या एका मशीनवर ठेवला होता, जिथे तेच घड्याळ चालतं. तोवर सगळं ठीक होतं. जुलैतल्या एका रविवारी तिच्या मनात आलं, एवढ्याशा शंखासाठी सातासमुद्रापार कशाला जायचं? तिने प्रोग्राम घरी आणला आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात आपल्या जुन्या लॅपटॉपवर बसवला. त्या लॅपटॉपचं घड्याळ इथलं. बुधवार, चोवीस जुलैच्या पुढे लिहिलं होतं सोळा वाजून एक मिनिट. ते कुणाच्या घड्याळातलं, हे तिने लिहिलेलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना जे शिकवलं, ते स्वतःच्या घरी करायला ती विसरली.

आणि चोवीस जुलैला सुगंधाबाईची एकविसावी संकष्टी होती.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. दुपारी तीनलाच इतकं अंधारून आलं की घरात दिवे लावावे लागले आणि कोंबड्या झोपायला गेल्या. सुगंधाबाईने दुपारीच एकवीस मोदक उकडून ठेवले होते. हात चालू असले की पोट गप्प बसतं, असा तिचा अनुभव. साडेतीनला किशोरी खोलीचं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून मीटिंगला बसली. कंपनीत नवीन लागलेल्या मुलांना तारीख-वेळ कशी लिहावी हे ती शिकवणार होती.

चार वाजून एक मिनिटाला अकरा घरांत शंख वाजले.

सुगंधाबाई ताडकन उठली. तिने फोन बघितला, मग बाहेर आली. रश्मीकाकी शेजारच्या ओटीवर फोन हातात घेऊन उभी होतीच.

"सुगंधावयनी, आयकलास? शंख वाजलो!"

"वाजलो तर. चंद्र उगवलो."

"आता? चार वाजले गो!"

"मगे? दिवसा कधी चंद्र बगलंस नाय? माडाच्या वर पांढरो पांढरो दिसता तो काय पापड?"

रश्मीकाकी विचारात पडली. दिवसा चंद्र दिसतो ही गोष्ट खरी. तेवढ्यात पावसातून बाबलीची रिक्षा येऊन थांबली. त्याने मुंडकं बाहेर काढलं.

"काकी, माझो शंख माझ्याशिवाय कोण वाजयता? घराघरातसून आवाज येता."

"चंद्र उगवलो."

"दुपारचो? काकी, माका काय ता बरोबर वाटना नाय."

"तू उपास करतस?"

"नाय."

"मगे गप रव."

रश्मीकाकी अजून घुटमळत होती. "वयनी, तरी पण एकदा किशोरीक विचारुया?"

"ती मीटिंगात आसा. आणि विचारूचा काय? मशीन चुकात, पंचांग चुकात, चंद्र पण एकादवेळ चुकात. माझी सून चुकाची नाय." असं म्हणून सुगंधाबाईने ढगांकडे तोंड करून पाण्याचं अर्घ्य दिलं. खरं तर ते दिसेल त्या दिशेला दिलं. मग नैवेद्य दाखवला आणि केळीचं पान मांडून बसली. भात, वालीची उसळ, अळूची भाजी आणि मोदक. रश्मीकाकीचे मोदक झाले नव्हते, तीही तिथेच बसली. पाऊस पडतो आहे, गरम मोदकावर तूप आहे आणि पाच तास आधी सुटका झाली आहे. असं सुख सुगंधाबाईला एकवीस महिन्यांत मिळालं नव्हतं. तिने पाच मोदक खाल्ले.

त्याच वेळी दाराच्या आत किशोरी नव्या मुलांना सांगत होती, "नुसती वेळ म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मीटिंग संपली. किशोरीने हेडफोन काढले, तर सासू हातात ताटली घेऊन दारात उभी. चेहरा तुपासारखा मऊ.

"घे, मोदक खा. एकविसावी संकष्टी पार पडली."

"पार पडली? आई, अजून पाच वाजूक नायत."

"चंद्र चारांकच इलो. तुझो शंख वाजलो मा."

किशोरीने मोदकाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग तिने मनातल्या मनात आजच्या चंद्रोदयाच्या नऊ एकतीसमधून साडेपाच तास वजा केले, आणि तिचा चेहरा असा झाला की सुगंधाबाईला वाटलं हिला चक्कर येते आहे.

"आई, बसा."

"मी कशाक बसू? तूच बस."

"आई, चंद्र इलेलो नाय. चंद्र रात्री साडेनवांक येतलो. माझी चूक झाली."

आणि मग तिने सगळं सांगितलं. जगाचं घड्याळ, आपलं घड्याळ, परदेशातली मशीन, कोनाड्यातला लॅपटॉप. सुगंधाबाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी जेवलंय तेव्हा चंद्र खंयच नव्हतो?"

"होतो. पण थय ऑस्ट्रेलियाच्या बाजूक उगवलेलो."

"ऑस्ट्रेलियात माझा कोण आसा?" असं म्हणून सुगंधाबाई खरोखरच खाली बसली. "मोडली. एकविसावी मोडली."

रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने सुनेला जराही बोल लावला नाही. ती नुसती बोटं मोजायला लागली. पुन्हा पहिल्यापासून एकवीस. म्हणजे पुढच्या वर्षीचे गणपती, दिवाळी, शिमगा. मोजता मोजता ती सत्तरीत शिरली आणि तिचा आवाज बसला.

"आई, देव काय तसो नाय," किशोरी म्हणाली. "चुकान झाला ता तेका कळता."

"मी सांगलेला पण तेका कळता."

"आई, टॉवर काय तुमच्या उपासावर उभो नाय."

हे वाक्य तिच्या तोंडातून निघालं आणि खोलीतला दिवा गेला. त्याच्या मागोमाग पाच वाजून दहा मिनिटांनी रेंजही गेली. चारी काड्या, एकदम.

सासू-सुनांनी एकमेकींकडे पाहिलं.

"गेलो," सुगंधाबाई म्हणाली.

"पावसान वीज गेली, म्हणान टॉवरची बॅटरी..."

"बॅटरी आजच कशी गेली? एवढे पावस झाले तेव्हा खंय गेली नाय ती?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एका मोठ्या गिऱ्हाईकासमोर किशोरीचं काम दाखवायचं होतं. काजूचं झाड, छत्री आणि मुंग्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. या क्षणी तिचीही श्रद्धा थोडी हलली, पण ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

रश्मीकाकी आली. बातमी तिला भिंतीतूनच कळली होती. तिने स्वतःच्या मोडलेल्या उपासाचं फारसं मनावर घेतलं नाही. तिचा नवस नव्हता. पण सुगंधाबाईचा नवस तिला शब्दन् शब्द पाठ होता. "मोडली तर पयल्यापासून. माझ्या समोर बोललंस तू." मग तिलाच वाईट वाटलं. "भटजींका विचारुया. ते काय तरी वाट काढतीत."

गुरुप्रसाद भटजी पलीकडच्या वाडीत राहतात. फोन लागत नव्हता, म्हणून बाबलीला रिक्षा घेऊन पाठवलं. तो पाऊण तासाने चिंब भिजून परत आला.

"काय सांगल्यानी भटजींनी?"

"म्हणाले, देव सगळा समजान घेता, दोष नाय, रात्री परत एकदा अर्घ्य द्या म्हणजे झाला."

"एवढ्या पटकन सांगल्यानी? पोथी नाय बघितल्यानी?"

बाबली जरा अडखळला. "काकी, भटजीणवयनींनी पण आपल्या फोनवर तुमचोच शंख घातलेलो आसा. मी गेलंय तेव्हा भटजी ढेकर देय होते."

यावर सुगंधाबाई म्हणाली की ज्याने स्वतः चारला मोदक हाणले त्याचा निवाडा आपण मानणार नाही. एवढ्यात दत्तप्रसाद कट्ट्याहून घरी आला. त्याने सगळी हकीकत ऐकली आणि मोठ्या मनाने म्हणाला, "आये, रवलेलो उपास मी करतंय. मुलगो म्हणजे काय परको?"

"मेल्या, तुझ्या तोंडाक बांगड्याचो वास येता."

बाबली म्हणाला, "काकी, माझ्या पोटात सकाळपासून काय नाय."

"तू घरचो नाय. तुका जेवूक वाढतंय, बस."

आणि मग सुगंधाबाई थांबली. घरचं माणूस. तिने हळूहळू मान वळवली आणि सुनेकडे पाहिलं. नवस हिच्यासाठीच तर होता.

"किशोरी, तू आज काय खाल्लंस?"

"मी? मी खंय उपास करतंय?"

"करूक नको. खाल्लंस काय ता सांग."

किशोरीला ऑफिससाठी दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवायची सवय. ती आठवून सांगू लागली आणि रश्मीकाकी समोर बसून वकिलासारखी उलटतपासणी घेऊ लागली.

"सकाळी सव्वानवांक चाय."

"चायबरोबर?"

"काय नाय, मीटिंग होती."

"बरा. फुडे."

"साडेअकरांक एक केळा. एकाक आईंनी केलेली साबुदाण्याची खिचडी. घरात दुसरा काय नव्हताच."

"मधी? बिस्कूट? खारी? फरसाण?"

"दोन वाजता खोकल्याची गोळी."

रश्मीकाकीने डोळे मिटून विचार केला. "औषध चलता. आणि तो आताचो मोदक?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. ताटलीत मोदक जसाच्या तसा होता. किशोरीला तो खायचं सुचलंच नव्हतं.

"म्हणजे," सुगंधाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात पुन्हा जीव आला, "ह्या घरात एक उपास अजून शाबूत आसा."

किशोरी कधीच उपास करत नाही. तिचा त्यावर विश्वास नाही आणि ते तिने लग्नाआधीच सांगितलेलं आहे. ती आता तसं म्हणूही शकली असती. पण तिला सासूचं ते वाक्य बाबलीकडून कळलं होतं, माझी सून चुकाची नाय. ज्या बाईला चारचा चहा दहा मिनिटं उशिरा आला तर चालत नाही, तिला आपण पुन्हा एकवीस महिने उपाशी ठेवणार? किशोरी म्हणाली, "साडेनवांपर्यंत काय खायत नाय मी. चलात?"

"पाणी पी," सुगंधाबाई म्हणाली. "पाणी चलता."

साडेसहापर्यंत किशोरीला काही वाटलं नाही. तिने मेणबत्ती लावून कोनाड्यातला लॅपटॉप उघडला. त्याची बॅटरी अजून शिल्लक होती. प्रत्येक वेळेपुढे ती कुठल्या घड्याळाची हे एकदाचं लिहून टाकलं. चोवीस जुलैच्या शंखाला मुद्दाम पुन्हा वाजायला लावलं. सात वाजता तिला भूक लागली. साडेसातला तिने विचारलं की आई, तुम्ही हे एकवीस वेळा केलंत? "वीस," सुगंधाबाई म्हणाली. आठला बाबलीने भात संपवून बोटं चाटली आणि किशोरी उठून दुसऱ्या खोलीत गेली. तिथे झाकलेले मोदक होते, म्हणून पुन्हा बाहेर आली. दत्तप्रसाद काहीतरी बोलायला गेला तर ती त्याच्यावर खेकसली. सुगंधाबाईने मुलाला खूण केली, बोलू नको. तीननंतरची स्वतःची दशा तिला ओळखीची होती.

नऊला दहा मिनिटं कमी असताना वीज आली, आणि तिच्या पाठोपाठ रेंज. चारी काड्या. घरातले सगळे फोन एकदम टिवटिवले. सिद्धेशचे सात निरोप आले, त्यांतले पाच नुसती प्रश्नचिन्हं.

"इलो!" दत्तप्रसाद ओरडला. "झाला तर. टॉवर इलो, देव पावलो. किशोरी, जेव."

रश्मीकाकीही म्हणाली, "आता कित्याक थांबतस? ज्येच्यासाठी केलंस ता मिळाला."

 सगळे सुगंधाबाईकडे बघू लागले, तेव्हा ती सावकाश म्हणाली, "देवान आगाव दिल्यान. काम पुरा करूचा की नाय, ता जेचा तेना ठरवूचा."

ताटली किशोरीच्या हाताशी होती. मोदक गार झाला होता, पण भुकेला गरम-गार कळत नाही. तिने मोदकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. एक्केचाळीस मिनिटं. हिशोबाने बघितलं तर आता थांबण्याला काहीच अर्थ नव्हता. रेंज आली होती, सकाळचं काम दाखवता येणार होतं, आणि टॉवर उपासाने येत-जात नाही हे तिचं तिला ठाऊक होतं.

"नको," ती म्हणाली. "नऊ एकतीस म्हणजे नऊ एकतीस."

एक्केचाळीस मिनिटं पाच माणसं एका लॅपटॉपसमोर बसून राहिली.  पाऊसही थांबून ऐकत असावा. नऊ तीस झाले तेव्हा दत्तप्रसादचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

नऊ एकतीसला कोनाड्यात शंख वाजला, आणि वाडीभर अकरा घरांतून त्याला शंखांनी ओ दिली. कुठूनतरी एका बाईचा आवाज आला, "आता आणि कसलो चंद्र?"

घरात मात्र सगळ्यांच्या नजरा सुगंधाबाईवर. ती उठली, बाहेर गेली. वर ढगांचं काळं घोंगडं. चंद्राचा कणसुद्धा नाही. ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली. मग आत येऊन तिने सुनेच्या हातात अर्घ्याचा तांब्या दिला.

"माझ्या सुनेन सांगल्यान चंद्र उगवलो, म्हणजे उगवलो. जा, पाणी सोड. रश्मे, पानां घे."

"पानां? एकच लागात मा?"

"दोन."

किशोरी अर्घ्य देऊन आली आणि खाली बसली. तिच्या शेजारी दुसरं पान मांडलेलं होतं आणि त्याच्यासमोर सुगंधाबाई पदर खोचून बसली होती. रश्मीकाकीला राहवलं नाही.

"वयनी, चारांक पाच मोदक खाल्लंस मा गो तू?"

"ते चुकीच्या वेळेचे," सुगंधाबाई म्हणाली. "ते धरूचे नाय. वाढ."

 किशोरीच्या तोंडात दुसरा मोदक होता आणि हातात तिसरा.